मिरचीपूर्वीचा तिखट रस्सा

नांदेडहून लातूरकडे निघालेला प्रवासी अहमदपुरात जेवावयास थांबला, की त्याच्यापुढे बहुधा मटणाचा लालभडक शेरवा येतो. हा रस्सा ‘पारंपरिक’ असल्याचे आपण निःशंकपणे सांगतो. मित्रहो, आजच्या धाग्यात त्या परंपरेचे वय मोजू या.

मिरची मूळची अमेरिका खंडातील. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ती युरोपात पोहोचली आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली. पोर्तुगीजांनी गोवा जिंकले ते १५१० साली. तरीही सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त नोंदविलेल्या मांसाच्या पाककृतींत मिरे आढळतात, मिरची नाही!

मग त्यापूर्वी आपले मांस तिखट कशाने होई? उत्तर फार दूर नाही. लातूरच्या सीमेपलीकडचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ (इ.स. ११२९) या ग्रंथात मांसाचे अनेक प्रकार सविस्तर दिले आहेत. त्यांत मिरे, हिंग, आले, सैंधव आहे. आजचा लातूर परिसर याच सत्तेखाली होता. भाषेनेही हा पुरावा जपला आहे: संस्कृत ‘मरिच’पासून ‘मिरे’, आणि परदेशातून आलेल्या नव्या फळाला त्याच घराण्यातले नाव, ‘मिरची’.

येथे पश्चिम आफ्रिकेकडे पाहणे उद्बोधक ठरते. नायजेरियात बकऱ्याच्या मांसाचे एक झणझणीत, पातळ सूप घरोघरी शिजते. त्यात दाटपणासाठी काही घालत नाहीत. आपल्या मिऱ्याच्या कुळातील तिकडची रानमिरी आणि जायफळासारखे सुगंधी बी त्यात कुटून पडते. बाळंतिणीला ते आवर्जून देतात, आपल्याकडे आजाऱ्याला पायांचे सूप पाजतात तसेच. मिरची तेथेही बाहेरूनच आली. पण तिने जुन्या मसाल्यांना हुसकावले नाही, ती त्यांच्या शेजारी बसली.

मराठवाड्यात मात्र मिरे गरम मसाल्याच्या आणि काढ्याच्या कोपऱ्यात गेले. असे का? माझ्या मते कारण चवीपेक्षा खिशात आहे. तिकडची रानमिरी तिकडच्याच जंगलात मिळे. आपले मिरे मलबारातून विकत आणावे लागत. मिरची मात्र आपल्याच शेतात, परसात येई, उन्हात वाळवली की वर्षभर पुरे. राजाच्या पाकशाळेतला तिखटपणा कुणब्याच्या आणि गावकुसाबाहेरच्या चुलीपर्यंत पोहोचला, तो या परदेशी रोपामुळे. भुईमूगही दक्षिण अमेरिकेचाच. आज शेंगदाण्याचा कूट सेनेगलच्या रश्शातही पडतो आणि आपल्याही.

आपला खास जिन्नस म्हणजे येसूर. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ अशी धान्ये भाजून मसाल्यांसह दळलेले हे पीठ. नारळ न पिकणाऱ्या मुलखाने रश्शाला दाटपणा देण्यासाठी योजलेली ही युक्ती मला कोणत्याही शाही पाककृतीपेक्षा अधिक बुद्धिमान वाटते. घरी करून पाहावयाचे असल्यास: मटण हळद-मीठ लावून शिजवावे, आळणी पाणी टाकू नये. कांदा, लसूण, खोबरे भाजून वाटावे, तेलात परतावे, मग ते पाणी ओतावे. येसूर आधी थंड पाण्यात कालवूनच घालावा, नाहीतर गुठळ्या होतात. मिरचीऐवजी एकदा केवळ ताजे कुटलेले मिरे वापरून पाहा. तिखटपणा जिभेच्या टोकाला न लागता घशात उशिरा चढतो. बाराव्या शतकातील जेवणाच्या याहून जवळ जाण्याचा मार्ग मला ठाऊक नाही.

एक खंत उरते. राजाच्या ताटाची नोंद ११२९ सालीच झाली. मराठवाड्यातील महार-मांगांच्या चुलीवर काय शिजे, कोणते मांस कसे वाळवून टिकविले जाई, हे सविस्तर ग्रंथबद्ध झाले ते २०१५ मध्ये, शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात. मधली सुमारे नऊशे वर्षे तो मसाला कुटणाऱ्या हातांपाशीच राहिला. आणि गंमत पाहा, त्या हातांची एक पुसटशी चाहूल ‘मानसोल्लासा’तच आहे: महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे सोमेश्वराने नोंदविले आहे. त्यांच्या घरी त्या दिवशी काय शिजले होते, ते त्याने विचारले नाही.