गृहिणीपदापासून नागरिकत्वापर्यंत : मृणाल गोरे यांच्या नेतृत्वाची घडण

स्त्रीनेतृत्वाचा इतिहास लिहिताना घर आणि सार्वजनिक जीवन ही दोन परस्परभिन्न क्षेत्रे कल्पिली जातात, आणि पहिल्यातून दुसऱ्यात झालेले पदार्पण म्हणजेच स्त्रीची प्रगती असे गृहीत धरले जाते. अंधेरी व बोरिवली यांच्या दरम्यान वसलेल्या गोरेगावच्या मृणाल गोरे (१९२८–२०१२) यांचे चरित्र या गृहीतकात सहजासहजी बसत नाही. त्यांनी घर मागे टाकले नाही. घरातील प्रश्नच त्यांनी राज्यसंस्थेच्या दारी नेऊन उभा केला.

पूर्वाश्रमीच्या मृणाल मोहिले यांनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दलाच्या व समाजवादी पक्षाच्या कार्यास वाहून घेतले. १९४८ मध्ये त्यांचा विवाह त्याच चळवळीतील केशव गोरे यांच्याशी झाला. गोरेगावात महिला मंडळ व कुटुंबनियोजन यांद्वारा त्यांचा घरोघरच्या स्त्रियांशी परिचय वाढला. १९५८ मध्ये केशव गोरे यांचे निधन झाले. पदरी लहान मुलगी असता, वयाच्या तिसाव्या वर्षी आलेल्या वैधव्यानंतरही त्यांचे कार्य खंडित झाले नाही.

१९५७ मध्ये मुंबई महानगरपालिकेची हद्द पश्चिमेस दहिसर व पूर्वेस मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. हद्द वाढली, तरी नळ त्या गतीने पोहोचले नाहीत. चाळीत काय किंवा झोपडीत काय, पाणी भरणे हे स्त्रीचेच काम मानले जाई. म्हणून टंचाईचा खरा भार तिच्याच डोक्यावर पडे. १९६१ मध्ये महानगरपालिकेवर निवडून आल्यावर मृणाल गोरे यांनी पाण्यासाठी जो लढा चालविला, त्यातून ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनीच त्यांना बहाल केले. हंडा ही खाजगी वस्तू राहिली नाही. तो नागरी हक्काचा पुरावा ठरला.

१९७२ मध्ये त्या विधानसभेवर निवडून आल्या. त्याच सुमारास दुष्काळ व भाववाढ यांनी जनता त्रस्त झाली असता महागाईविरोधी संयुक्त महिला समिती स्थापन झाली. तीत समाजवादी मृणाल गोरे व प्रमिला दंडवते यांच्यासमवेत साम्यवादी पक्षांतील अहिल्या रांगणेकर व तारा रेड्डी या होत्या. पक्षनेत्यांना जे ऐक्य क्वचितच साधे, ते येथे धान्य, तेल व रॉकेल यांच्या प्रश्नाने साधले. लाटणे आणि थाळी ही या मोर्च्यांची साधने झाली. पुढे आणीबाणीत भूमिगत राहून कार्य केल्यावर मृणाल गोरे यांना कारावास घडला आणि १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून त्या लोकसभेवर गेल्या.

हा मार्ग केवळ मुंबईपुरता नव्हता, हे आफ्रिकेतील एका उदाहरणावरून दिसते. नायजेरियातील अबेओकुटा येथे फुन्मिलायो रॅन्सम-कुटी (१९००–१९७८) या शिक्षिकेने चालविलेले सुशिक्षित स्त्रियांचे मंडळ बाजारात माल विकणाऱ्या स्त्रियांच्या संपर्काने पालटले आणि १९४६ मध्ये त्याचे स्त्रीसंघात रूपांतर झाले. स्त्रियांवरील कराविरुद्ध त्या संघाने केलेल्या आंदोलनामुळे जानेवारी १९४९ मध्ये तेथील राजास सिंहासन सोडावे लागले. पुढे तो परतला, ही गोष्ट वेगळी. दोन्ही ठिकाणी सुशिक्षित स्त्रीचे नेतृत्व कष्टकरी स्त्रीच्या दैनंदिन अडचणीतून घडले. भेद असा की, अबेओकुट्याची स्त्री विक्रेती म्हणून उभी राहिली, तर मुंबईची स्त्री गृहिणी म्हणून.

या भेदातच मुंबईच्या चळवळीची मर्यादा दडलेली आहे. लाटणे हाती घेणाऱ्या स्त्रीने शासनास जाब विचारला. परंतु ते लाटणे तिच्याच हाती का, हा प्रश्न त्या मोर्च्यांच्या मागण्यांत नव्हता. स्वस्त धान्य मिळाले, तरी घरातील मारहाण थांबत नाही. हा उरलेला प्रश्न मृणाल गोरे यांनी पुढे हाती घेतला, यात त्यांच्या नेतृत्वाचे मोठेपण आहे. १९८३ मध्ये गोरेगावच्या केशव गोरे स्मारक ट्रस्टमध्ये पीडित स्त्रियांसाठी ‘स्वाधार’ सुरू झाले. १९८५ मध्ये पुन्हा विधानसभेवर गेल्यावर त्यांनी गर्भलिंगनिदानाविरुद्ध अशासकीय विधेयक मांडले. १९८८ मध्ये महाराष्ट्राने या विषयावरील देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला.

या प्रवासाकडे पाहता, महागाईविरोधी चळवळ स्त्रीमुक्तीची होती की नव्हती, हा नेहमीचा वाद अपुरा वाटू लागतो. जी स्त्री प्रथम कुटुंबासाठी रस्त्यावर आली, तिला तेथे संघटनेचे बळ लाभले. आणि त्याच बळावर पुढे तिला कुटुंबाच्या आतील अन्यायाविषयी बोलता आले. गृहिणीपद हे या प्रवासाचे प्रस्थान होते, गंतव्य नव्हे. उपनगरांच्या इतिहासात रस्ते, गिरण्या व वसाहती यांची नोंद होते. रात्री नळावर जागणाऱ्या स्त्रियांची नोंद जोवर तीत होत नाही, तोवर तो इतिहास अपुराच राहील.