एक आण्याचा हिशेब

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत मी गेली कित्येक वर्षं भाजी घ्यायला जातो. त्या अष्टकोनी मनोऱ्याखाली उभं राहिलं की एक गोष्ट हटकून आठवते. ही इमारत १८८६ साली उघडली, तेव्हा तिचं नाव होतं लॉर्ड रे मार्केट. जोतीरावांचं नाव तिला पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं मिळालं. गंमत अशी, की नगरपालिकेत असताना या मंडईवर एवढा पैसा घालायला जोतीरावांचाच विरोध होता. आधी गोरगरिबांच्या शिक्षणाचं बघा, असं त्यांचं म्हणणं. एका व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये मंजूर करायचे होते, तेव्हाही एकट्या जोतीरावांचं मत विरोधात पडलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

श्रोतेहो, मंडई वाईट नव्हती. मीच तिथली भाजी खातो! प्रश्न होता आधी काय आणि नंतर काय, हा. गावानं वरच्या सरकारकडे पैसे मागायचे, तर यादीत पहिलं नाव कशाचं लिहायचं?

१८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे जोतीरावांनी लेखी निवेदन ठेवलं. त्याखाली त्यांनी स्वतःची ओळख दिली आहे ती व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी. म्हणजे एका स्थानिक संस्थेच्या सभासदानं सरकारपुढे मांडलेला तो खर्चाचा अग्रक्रमच होता.

त्या निवेदनामागे एक आणा आहे. मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा जादा वसूल होत असे. त्याला लोकल फंड म्हणत. १८६९ च्या कायद्यानं तो पक्का झाला. त्यातला साधारण एक तृतीयांश शिक्षणाला आणि बाकीचा मुख्यतः रस्त्यांना, अशी वाटणी होती. आणा देणारा कुणबी होता. त्याच्या पोराला मात्र शाळा दिसत नव्हती. सरकारी तिजोरीचा मोठा हिस्सा रयतेच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे जोतीरावांनी आयोगाला स्पष्ट ऐकवलं. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, मास्तरांना पोटापुरता पगार द्या, मुलांना हिशेब आणि शेतीची ओळख शिकवा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. मला त्यातली भाषा महत्त्वाची वाटते. ती भीक मागणाऱ्याची भाषा नाही. पैसे आम्ही भरलेत, ते गेले कुठे, असं विचारणाऱ्याची आहे.

आयोगानं सक्ती मानली नाही. प्राथमिक शाळा म्युनिसिपालिट्या आणि लोकल बोर्डांकडे द्याव्यात, एवढं मात्र सुचवलं. १८८४ मध्ये आपल्याकडे लोकल बोर्डांचा कायदा झाला. शाळेचं ओझं गावाकडे आलं. तिजोरीची किल्ली मात्र वरच राहिली.

ही गाठ नेमकी ओळखली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. तेही पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले. मार्च १९११ मध्ये त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. मागणी बेताची होती. ज्या स्थानिक संस्थेची तयारी असेल, तिला आपल्या हद्दीत सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी शिक्षण सक्तीचं करू द्यावं. खर्चाचे दोन वाटे सरकारनं उचलावेत, एक वाटा स्थानिक संस्थेनं. हवं तर त्यासाठी संस्थेनं शिक्षणकर बसवावा. विधेयक प्रांतिक सरकारांकडे मतासाठी गेलं आणि बहुतेकांनी नाक मुरडलं. मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी ते पडलं. मग १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबईच्या कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मंजूर करून घेतला. तो म्युनिसिपालिट्यांना परवानगी देणारा होता, बंधन घालणारा नव्हता. पुढे १९२३ च्या कायद्यानं प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपवायची सोय झाली.

त्यानंतर उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मार्च १९२७ मध्ये, मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालू असताना, त्यांनी दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले. सरकार शिक्षणावर माणशी खर्च करतं चौदा आणे. त्याच माणसाकडून अबकारीपोटी, म्हणजे मुख्यतः दारूपोटी, वसूल करतं दोन रुपये दोन आणे नऊ पै. जेवढं घेता, निदान तेवढं तरी शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं मागणं होतं. शाळा स्थानिक संस्थांच्या हाती देण्याबद्दलही त्यांना शंका होती. ती विसरून चालणार नाही. गावचा कारभार गावाच्या हाती आला, म्हणून गावातल्या शेवटच्या पोराचा नंबर आपोआप वर येत नाही.

हे मी पुस्तकातून शिकायच्या आधी पाहिलं होतं. मी पाचवीत होतो. पावसाळ्यात आमचे दोन वर्ग एकाच खोलीत भरत, कारण दुसरी गळत असे. आमदारसाहेब गावात येणार होते. माझं अक्षर बरं म्हणून गुरुजींनी मागण्यांचा कागद मला उतरवायला दिला. पहिली मागणी खोल्यांची, दुसरी पाण्याची, तिसरी रस्त्याची. सभेच्या दिवशी पुढाऱ्यांनी दुसराच कागद वाचला. त्यात पहिल्या क्रमांकावर वेशीची कमान होती. कमान झाली. आम्ही सातवीपर्यंत गळक्या खोलीकडे पाठ करून बसलो.

आता मागणी मांडायच्या जागा वाढल्या आहेत. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. ७३ व्या घटनादुरुस्तीनं दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमणं आलं. ७४ व्या दुरुस्तीनं जिल्हा नियोजन समिती आली, आणि तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्ह्यातल्या स्थानिक संस्थांच्या सभासदांतूनच निवडायचे, असंही ठरलं. तरी पुष्कळ गावांतून कागद जातो तो ‘साहेबांच्या सेवेशी, नम्र विनंती’ असाच.

मी उतरवलेला कागदही तसाच सुरू होत होता. आज तो पुन्हा लिहायला मिळाला, तर मी मागण्यांच्या आधी एक ओळ घालीन. तलाठ्याच्या पावतीवर जमीन महसुलाच्या जोडीला जिल्हा परिषदेचा उपकर असतो. तो त्या जुन्या एक आण्याचाच वंशज. आमच्या गावानं गेल्या वर्षी तो किती भरला, तो आकडा मी सगळ्यात वर लिहीन. आणि त्याखाली पहिली मागणी लिहीन, शाळेच्या खोल्यांची.