गाळाचं गोत्र

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आमच्याकडे पिंपात तुरटी फिरवायची पद्धत होती. मातीचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि भराभर तळाला बसतात. आता हेच पाणी वाहतं आहे अशी कल्पना करा. कण खाली बसेपर्यंत पाणी त्याला किती लांब नेईल? समुद्रातल्या पिंजऱ्यांत पाळलेल्या माशांची विष्ठा आणि न खाल्लेलं खाद्य कुठे साचेल, याचं गणित एवढ्याच प्रश्नावर उभं आहे. मात्र या गणिताचं मूळ मत्स्यपालनात शोधू नये, ते गाळात आहे.

त्या गाळाचं एक घराणं पुण्याचं. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ साली कालवे आणि सिंचनाच्या अडचणींसाठी एक छोटा विभाग काढला. तोच पुढे खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान केंद्र झाला. क्लॉड इंग्लिस हे तिथले आद्य पुरुष. सिंधूवरच्या सक्कर बंधाऱ्याच्या कालव्यांत शिरणारा गाळ त्यांनी पुण्यात, प्रतिकृतीवर पाणी सोडून अभ्यासला. पुढे ब्रिटनच्या जलसंशोधन संस्थेचे संचालक म्हणून ते तिकडे गेले. नदीच्या गाळाचा हा अनुभव पुण्याहून विलायतेला गेला, याची पुणेकरांनी हवी तेवढी फुशारकी मारावी.

पण प्रतिकृती करायची म्हटली, तरी अख्खा समुद्र पत्र्याच्या शेडमध्ये मावत नाही. म्हणून लांबी-रुंदी जास्त आटवायची, खोली कमी. समजा, आडवं माप ४०० पट आणि उभं ८० पट घटवलं, तर साडेबारा तासांचा भरती-ओहोटीचा फेरा जेमतेम १७ मिनिटांत उरकतो. ही युक्ती मँचेस्टरच्या ऑसबोर्न रेनॉल्ड्सची. त्यांनी १८८५ साली मर्सी नदीच्या मुखाची अशी प्रतिकृती केली होती. पण घटवलेल्या समुद्रात घटवलेली विष्ठा कशी सोडणार? कण लहान केला की त्याचा बुडण्याचा वेगही बदलतो. इथे प्रतिकृती थकते आणि कागदावरचं गणित पुढे येतं.

मासेवाल्यांची शाखा बरीच नंतरची. स्कॉटलंडच्या सामन माशांच्या शेतीसाठी १९८०च्या दशकाअखेर गोवेन आणि सहकाऱ्यांनी अगदी सोपं सूत्र मांडलं: खोलीला प्रवाहाच्या वेगाने गुणा आणि कण बुडण्याच्या वेगाने भागा. २० मीटर पाणी, सेकंदाला १० सेंमी प्रवाह. खाद्याची गोळी सेकंदाला साधारण १० सेंमी बुडते, म्हणजे २० मीटरवर जाऊन पडते. विष्ठा बुडते ३ सेंमीने, तेव्हा ती ६५ मीटरच्या पुढे. २००२ साली स्कॉटलंडमधल्याच ओबानजवळच्या डन्स्टाफनेज प्रयोगशाळेतून क्रोमी आणि सहकाऱ्यांनी ‘डेपोमॉड’ आणलं. ते संगणकावर हजारो कण सोडतं, आणि तळाशी प्रवाह जोरात असला तर बसलेला गाळ पुन्हा उचलतंही. तिकडे किती मासे पाळायला परवानगी द्यायची, हे ठरवताना त्याचा आधार घेतला जाऊ लागला.

आपल्याकडे सिंधुदुर्गच्या खाड्यांत आणि कारवारला पिंजऱ्यांत जिताडा वाढवतात. गणित तेच लागू पडेल, आकडे पडणार नाहीत. सामनच्या कारखानी गोळीऐवजी जिताड्याला बऱ्याचदा स्वस्त मासळी चिरून घालतात. त्यात खवले, काटे, आतड्याचा तुकडा, तेल. तेल वर तरंगतं, काटा सरळ खाली जातो, खवला पानासारखा डोलत डोलत उतरतो. त्यांचे वेग सूत्रातून निघत नाहीत, मोजावे लागतात. काचेची उंच नळी घ्यायची, खाडीचंच खारं पाणी भरायचं, वरून एकेक तुकडा सोडायचा आणि खालच्या खुणेपाशी घड्याळ थांबवायचं. खवल्याच्या बाबतीत तर प्रत्येक वेळी आकडा वेगळा येतो.