जॉर्डन, मेरी ऑगस्टा

जॉर्डन, मेरी ऑगस्टा : (१८५५–१९४१). इंग्रजीच्या अमेरिकन प्राध्यापिका, ग्रंथपाल व लेखिका. जन्म ओहायओ राज्यातील आयर्नटन येथे. वडील एडवर्ड जॉर्डन हे वकील. अब्राहम लिंकन यांच्या कारकिर्दीत ते अमेरिकी कोषागाराचे विधी अधिकारी होते. मेरी यांनी न्यूयॉर्क राज्यातील व्हॅसर या तेव्हा केवळ स्त्रियांसाठी असलेल्या महाविद्यालयातून बी.ए. (१८७६) व एम.ए. (१८७८) या पदव्या मिळवल्या.

पहिली नोकरी व्हॅसरच्याच ग्रंथालयात, ग्रंथपाल म्हणून. अमेरिकन ग्रंथालय संघाची स्थापना आणि मेल्विल ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरणाचे प्रकाशन ही दोन्ही १८७६ मधली. म्हणजे ग्रंथपालनाचा व्यवसाय आकार घेत असतानाच त्या त्यात आल्या. १८८० पासून त्या व्हॅसरमध्येच इंग्रजी शिकवू लागल्या.

१८८४ मध्ये मॅसॅचूसेट्समधील नॉर्थॅम्प्टन येथील स्मिथ महाविद्यालयात त्या रुजू झाल्या. लेखन-वक्तृत्वशास्त्र व जुनी इंग्रजी हे त्यांचे विषय. पूर्ण प्राध्यापकपद मात्र १९०६ मध्ये मिळाले. १९२१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या स्मिथमध्येच राहिल्या.

गोल्डस्मिथ यांच्या ‘द व्हिकर ऑफ वेकफील्ड’ या कादंबरीची त्यांनी शालेय आवृत्ती संपादित केली. पण त्यांचे खरे महत्त्वाचे पुस्तक ‘करेक्ट रायटिंग अँड स्पीकिंग’ (१९०४). महाविद्यालयात जाऊ न शकलेल्या स्त्रियांना घरबसल्या शिकता यावे, यासाठी काढलेल्या मालेतले ते आहे. नावावरून शुद्धाशुद्धाच्या नियमांची जंत्री वाटावी. आत मात्र शुद्ध इंग्रजीचा एकच कायम नमुना असतो, ही समजूतच त्या खोडून काढतात. भाषा काळाप्रमाणे बदलते, म्हणून नियम घोकण्याआधी तिचा इतिहास जाणावा आणि आपल्या भाषेबद्दल स्वतः विचार करावा, असा त्यांचा आग्रह. हार्व्हर्ड विद्यापीठाच्या प्रभावाने वर्गावर्गांत चुकांवर तांबड्या शाईच्या खुणा करण्यालाच लेखनशिक्षण समजले जात होते, त्या काळात ही भूमिका धीट होती.

स्त्रियांच्या मताधिकाराला मात्र त्यांनी जाहीर विरोध केला. विद्यार्थिनींना स्वतंत्र विचार शिकवणाऱ्या या बाईंची ही बाजू त्यांच्या कार्याशी विसंगत आहे. त्यांच्या गौरवात ती झाकू नये. सुझन केट्स यांच्या २००१ मधील अभ्यासग्रंथामुळे त्यांच्या अध्यापनाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. स्मिथमधील जॉर्डन हाउस या वसतिगृहाला त्यांचे नाव दिलेले आहे.