कपातली चहापत्ती, सुपातले तांदूळ: यातून भविष्य खरंच कळतं का?

'कपात पक्षी दिसतोय, म्हणजे लवकरच चांगली बातमी!' कॉफीच्या गाळातून भविष्य सांगणारे असे व्हिडिओ तुमच्याही फीडवर आले असतील. या प्रकाराला टॅसिओग्राफी म्हणतात. फ्रेंचमध्ये 'तास' म्हणजे कप.

हे करतात कसं?

चहा न गाळता प्यायचा. तळाशी घोटभर उरला की कप फिरवून बशीवर उपडा करायचा. कपाला चिकटलेल्या पत्तीत आकार शोधायचे. काठाजवळचा आकार म्हणजे लवकर घडणारी गोष्ट, तळाचा म्हणजे उशिरा घडणारी. सतराव्या शतकात चहा युरोपात पोहोचला आणि नंतर ही पद्धत तिथे रुजली. तुर्कस्तानात हेच कॉफीच्या गाळावरून करतात. तिथल्या कॉफी संस्कृतीला युनेस्कोने २०१३ मध्ये वारशाच्या यादीत घेतलं.

आपल्याकडे काय?

आपण चहा गाळून पितो, चोथा गाळणीतच राहतो. पण हाताशी असेल त्यातून उत्तर शोधायची सवय इथेही आहे. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगावचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीतला. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती, मुख्य पीक भात. अशा आदिवासी पट्ट्यात दुखण्याचं कारण विचारायला लोक भगताकडे जातात आणि भगत तांदळाचे दाणे पाहून ते सांगतो. अनेक भगतांना झाडपाल्याची औषधंही माहीत असतात, म्हणून त्यांना मान असतो.

मग ते खरं का वाटतं?

ढगात हत्ती दिसतो, तसाच गाळात पक्षी. अस्पष्ट खुणांत ओळखीचा आकार शोधायची मेंदूची ही सवय म्हणजे पॅरेडोलिया. दुसरं कारण मोघम वाक्यं. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना 'हे तुमचं व्यक्तिमत्त्व' म्हणून एकच मजकूर दिला. अचूकतेसाठी त्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले!

धोका कुठे आहे?

कॅफेत कप उपडा केला तर फार काही बिघडत नाही. पण साप चावल्यावर दाणे पाहत बसलं, तर जीव जाऊ शकतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषावर प्रतिसर्पविष हाच खात्रीचा उपाय आहे आणि इथे प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. दाण्यांवरून 'अमक्या बाईने करणी केली' असं ठरलं, तर तिचं गावात जगणं मुश्कील होतं.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र-तंत्र करणं आणि एखाद्यावर करणीचा आळ घेणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. जोशी-ज्योतिषांचा सल्ला मात्र या कायद्यात येत नाही.

साप चावला तर १०८ वर फोन करा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव आणि मंचर इथे अशी रुग्णालयं आहेत.