पॉट, बर्फ आणि जाडे मीठ

गेल्या चैत्रात, नव्या बिऱ्हाडाची मांडामांड चालू असताना, माझ्या भाचीने आइस्क्रीमचे कोणते यंत्र घ्यावे असा प्रश्न मला केला. तिच्या आजोळी, म्हणजे आमच्याच घरी, हा प्रश्न कधी उद्भवला नव्हता, कारण पॉट ही विकत घेण्याची नव्हे, तर मागून आणण्याची वस्तू होती. पुण्यातल्या आमच्या वाड्यात बिऱ्हाडे अकरा आणि पॉट एक. तो मालकांच्या माळ्यावर असे, आणि हापूस उतरू लागला की त्याची मागणी पाळीपाळीने नोंदली जाई. ज्यांच्याशी नळावरून अबोला आहे अशांनाही तो नाकारीत नसत. मात्र पॉटाबरोबर मालकांचा धाकटा मुलगा 'हँडल फिरवायला' म्हणून येई आणि पहिली वाटी रीतसर वसूल करून जाई. हे भाडे कोणी ठरवलेले नव्हते, ती वहिवाट होती.

आइस्क्रीमच्या इतिहासात दूध, साखर आणि साय यांना मी दुय्यम स्थान देतो, कारण ते जिन्नस आपल्याकडे कधीच दुर्मिळ नव्हते; दुर्मिळ होती ती थंडी, आणि ती कोठून आणावयाची व किती वेळ टिकवावयाची या एकाच विवंचनेतून पुढची सर्व यंत्रे निपजली. अकबराच्या आबदारखान्यात सोऱ्याच्या पाण्यात सुरई फिरवून पिण्याचे पाणी गार करीत, याचे वर्णन अबुल फजलने 'ऐन-इ-अकबरी'त केले आहे. आणि दरबार लाहोरास गेल्यावर उत्तरेच्या डोंगरांतून हिम आणण्याची तजवीज झाली, हेही तो सांगतो. पण हा बादशाही बंदोबस्त झाला. दख्खनच्या सामान्य माणसाला उन्हाळ्यात वाळ्याचे पाणी आणि माठ यांपलीकडची थंडी ठाऊक नव्हती, आणि तिची उणीवही त्याला भासत नसावी.

ती उणीव भासू लागली ती अमेरिकेतील बोस्टनच्या एका व्यापाऱ्यामुळे. फ्रेडरिक ट्यूडर हा गृहस्थ हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून बर्फाचे चौकोनी ठोकळे कापून, लाकडाच्या भुशात दडपून, उष्ण देशांना विकीत असे. 1833 साली त्याचे 'टस्कनी' नावाचे गलबत सुमारे 180 टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांनी, विषुववृत्त दोनदा ओलांडून, कलकत्त्यास लागले तेव्हा त्यातला शंभर टनांच्या आसपास बर्फ शाबूत होता. पुढच्याच वर्षी मुंबईसही बर्फ आला. त्याच सुमारास जमशेटजी जीजीभाई यांनी आपल्या घरच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि यजमानांसकट पाहुण्यांना पडसे झाले, ही हकिकत 'मुंबई समाचारा'ने छापल्याचे सांगतात. आइस्क्रीम खाल्ले की सर्दी होणारच, हा आमच्या आजीचा सिद्धांत इतका जुना आणि छापील आधाराचा आहे, हे तिला कळते तर तिने आम्हांला एवढीही वाटी मिळू दिली नसती.

मुंबईच्या कोटात सेंट अँड्र्यूज चर्चपाशी घुमटाचे एक बर्फघर वर्गणीतून उभे राहिले, आणि जहाजास उशीर झाला की शहरात बर्फाचा दुष्काळ पडे. कॉन्कॉर्ड गावच्या वॉल्डन तळ्यावर 1846-47 च्या हिवाळ्यात ट्यूडरचे मजूर बर्फ कापताना थोरो या अमेरिकन लेखकाने पाहिले, आणि मुंबई, मद्रास, कलकत्ता येथली माणसे आता आपल्याच तळ्याचे पाणी पिणार, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. एका तत्त्वचिंतकाच्या आंघोळीचे पाणी आपल्या सरबतात, ही कल्पना मला आजही मौजेची वाटते.

आता पॉटाकडे वळतो. पॉट निघण्यापूर्वी युरोपात कलईच्या किंवा जस्ती डब्यात मिश्रण घालून, तो डबा बर्फ-मिठाच्या बादलीत हाताने गरगर फिरवीत, आणि मधूनमधून झाकण काढून कडेला गोठलेला थर उलथण्याने खरवडून आत ढकलीत. आपला कुल्फीवाला मटक्यात साचे हलवतो तो या जुन्या घराण्यातला, फक्त त्याने खरवडणेही सोडून दिले आणि म्हणून कुल्फी घट्ट राहिली. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनी 1843 च्या सप्टेंबरात पेटंट घेतले ते नेमके या खरवडण्यावरचे. डब्याच्या आत भोकाभोकांची पाती असलेला दांडा आणि बाहेर त्याला फिरविणारे हँडल. झाकण न उघडता खरवडणे आणि फेटणे एकाच हाताने व्हावे, एवढीच त्यातली युक्ती. पाच वर्षांनी विल्यम यंग याने त्यात सुधारणा केली. न्यू हॅम्पशायरातल्या 'व्हाइट माउंटन' कारखान्याने डबा एका दिशेने आणि पाती उलट दिशेने फिरविणारी दातेरी चाके बसविली. आमच्या वाड्यातला पॉट कोणत्या कारखान्याचा होता ते झिजलेल्या अक्षरांवरून कळत नसे, परंतु त्याची घडण याच कुळातली होती. लंडनच्या अ‍ॅग्नेस मार्शल या पाकशास्त्रज्ञ बाईंनी 1885 मध्ये निराळीच वाट काढली: उथळ, रुंद भांडे, बर्फ फक्त तळाखाली, पाते स्थिर आणि भांडे फिरते. काही मिनिटांत आइस्क्रीम होते असा त्यांचा दावा होता. बर्फ कमी लागतो हा त्यातला फायदा मला खरा वाटतो. तरी उंच बादलीनेच संसार जिंकला.

त्या बादलीविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. ती लाकडी फळ्यांची, पिंपासारखी, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली असे. वर्षभर माळ्यावर पडून फळ्या आक्रसत आणि सांध्यांतून पाणी झिरपे. म्हणून पॉट आणला की आदल्या दिवशी तो पाण्याने भरून ठेवावा लागे, म्हणजे लाकूड फुगून सांधे आपोआप बसत. सकाळी सायकलच्या कॅरिअरवर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी येई. ती गोणपाटातच ठेवून मोगरीने फोडावयाची, कारण खडे सुपारीएवढे झाले पाहिजेत. मोठे असले तर डब्याला टेकत नाहीत, चुरा झाला तर घटकेत पाणी होते. मग एक थर बर्फ, वर मूठभर जाडे मीठ, पुन्हा बर्फ. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे 80 कॅलरी उष्णता ओढून घेतो, आणि मीठ त्याला शून्य अंशाच्या पुष्कळ खाली वितळावयास लावते. प्रमाण अगदी जुळले तर उणे 21 अंशांपर्यंत. घरोघरी ही शास्त्रीय मर्यादा गाठण्याची गरज नसे. सहा-आठ भाग बर्फाला एक भाग मीठ पुरे. अधिक घातले तर कडेचा थर एकदम दगड होतो आणि आइस्क्रीम रवाळ लागते, कमी घातले तर हात दुखून येतात आणि डब्यात नुसते गार दूध राहते. वडाळा-भांडुपच्या मिठागरांतले ते खडे मीठ. 1947 पर्यंत त्यावर सरकारी कर होता, तेव्हा मीठ असे बादलीत उधळणाऱ्या घरांकडे शेजारपाजार कोणत्या नजरेने पाहत असेल याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

बादलीच्या कुशीत, वरच्या कडेपासून चार बोटे खाली, एक छिद्र असे. मिठाचे पाणी त्या उंचीला आले की बाहेर पडावे, डब्याच्या झाकणापर्यंत चढू नये, यासाठी ते होते, आणि पॉटातला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणून मी त्याच्याकडे बोट दाखवीन. एका वर्षी ते छिद्र गोणपाटाच्या धाग्याने बुजले. हँडल मारणाऱ्याच्या बढाया चालू होत्या, खाली कोणी पाहिले नाही, आणि दीड तासाच्या श्रमाने, दोन डझन हापूस आणि चार शेर आटवलेले दूध खर्चून जे तयार झाले ते खारट होते. अकरा बिऱ्हाडांनी ते निमूटपणे खाल्ले. बढाया मारणारा मी होतो.

हँडल जड होत जाई हेच आइस्क्रीम झाल्याचे प्रमाण. घड्याळ कोणी पाहत नसे. पहिल्यांदा लहान मुले फिरवीत, मग मोठी, आणि शेवटी पॉट जागचा हलू लागला की त्यावर घडी घातलेले पोते टाकून एखाद्या जड मुलाला बसवीत आणि कोणीतरी काका दोन्ही हातांनी दहा फेरे देत. ओढलेल्या पात्याला चिकटलेला भाग कोणी चाटावयाचा यावर वाद ठरलेला.

बर्फ गावोगावच्या कारखान्यांत यंत्राने होऊ लागला तेव्हा बोस्टनचा व्यापार बसला, पण पॉट मात्र जोमाने फोफावला. त्याला ग्रहण लागले फ्रिजमुळे. गोदरेजने 1958 साली फ्रिज बनविण्यास आरंभ केला, आणि पुढे मध्यमवर्गात तो आला तेव्हा ट्रेमध्ये कस्टर्ड पावडरीचे दूध गोठवून, अर्धवट झाल्यावर काढून घुसळून, पुन्हा आत ठेवण्याची पद्धत रूढ झाली. मी तिला आइस्क्रीम म्हणत नाही. फ्रिज थंडी देतो, हालचाल देत नाही. आणि गोठताना सतत ढवळल्यावाचून बर्फाचे कण बारीक राहत नाहीत व त्यात हवा शिरत नाही.

म्हणून भाचीला मी यंत्रांची तुलना अशी सांगितली. बाजारात दुहेरी भिंतीचे भांडे मिळते, ज्याच्या पोकळीत गोठणारा द्रव भरलेला असतो. 1980 च्या दशकात जपानी बनावटीच्या अशा यंत्रांनी ते घराघरांत नेले. ते स्वस्त आणि सुटसुटीत आहे, पण आदल्या दिवसापासून फ्रीझरमध्ये ठेवावे लागते, आणि मे महिन्यात, दर पाच मिनिटांनी पाण्याच्या बाटलीसाठी उघडणाऱ्या फ्रिजमध्ये, ते पुरते गोठेल याची हमी मी देणार नाही; एक घाणा झाला की दुसऱ्यासाठी पुन्हा एका दिवसाची मुदत. दुसरे, स्वतःच्या कॉम्प्रेसरचे. ते आबदारखाना पोटात घेऊनच येते, घाण्यामागून घाणे काढते, मात्र ओट्याचा चतुर्थांश अडविते आणि किमतीत एखादा लहान फ्रिज घेता येतो. तिसरा पॉट, आता मोटर लावूनही मिळतो. घरात दोघेच असाल तर पहिले घे, वारंवार पाहुणे असतील तर दुसरे. तिसरे घेऊ नकोस, आपल्याकडे आहे.

तो आमच्याकडे कसा आला ते तिला ठाऊक नव्हते. वाडा पाडला तेव्हा मालकांनी देऊ केला आणि मी घेतला. तीस वर्षे तो माळ्यावर होता. आतला डबा कल्हईवाल्याकडे नेऊन आणला, हँडलाला तेल दिले, आणि बादली मोरीत ठेवून पाण्याने भरली. पहिल्या दिवशी ती चाळणीसारखी गळली, दुसऱ्या दिवशी दोन सांध्यांतून थेंब पडत राहिले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी खालची फरशी कोरडी होती.