बुलेटचा बोअर वाढवण्यापूर्वी...

ठाणे, प्रतिनिधी

पावसाळ्यात माळशेज, हिवाळ्यात कसारा घाटमार्गे नाशिक आणि सवड मिळाली तर थेट लडाख, अशी भ्रमंती करणारे मोटरसायकलस्वार ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत कमी नाहीत. मागे जोडीदार, दोन्ही बाजूंना सामान आणि समोर चढण आली की इंजिनात आणखी थोडा जोर हवा होता, असे अनेकांना वाटते. त्यावर गॅरेजमध्ये हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे ‘बिग बोअर किट’. हे किट म्हणजे नेमके काय, त्याने किती फरक पडतो आणि कायद्याचे त्याविषयी काय म्हणणे आहे, याची ही माहिती.

बोअर म्हणजे काय?

सिलिंडरचा आतील व्यास म्हणजे बोअर आणि त्यात पिस्टन वर-खाली जेवढे अंतर कापतो तो स्ट्रोक. या दोहोंवरून इंजिनाची क्षमता, म्हणजेच ‘सीसी’, ठरते. स्ट्रोक वाढवायचा तर क्रँकशाफ्टला हात घालावा लागतो. बोअर वाढवणे त्या मानाने सोपे असते. मोठ्या व्यासाचा सिलिंडर (गॅरेजच्या भाषेत ‘ब्लॉक’), त्याला साजेसा पिस्टन, रिंगा आणि हेड गॅस्केट असा किटचा साधारण ऐवज असतो.

झिजलेला सिलिंडर पाव किंवा अर्धा मिलिमीटर कापून त्यात ‘ओव्हरसाइज’ पिस्टन बसवणे, हे काम मात्र वेगळे. ती दुरुस्ती होय. त्याने इंजिनाची ताकद वाढवण्याचा हेतू नसतो.

आकडे काय सांगतात?

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण खुद्द रॉयल एनफिल्डनेच घालून दिले आहे. बुलेट आणि क्लासिक ५०० या मोटरसायकलींचा बोअर ८४ मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर होता. क्षमता ४९९ सीसी. कंपनीने २०१३ मध्ये काँटिनेंटल जीटी बाजारात आणली, तेव्हा स्ट्रोक तोच ठेवून बोअर ८७ मिलिमीटर केला आणि क्षमता ५३५ सीसी झाली. क्लासिक ५०० ची शक्ती २७.२ अश्वशक्ती होती, ती जीटीमध्ये २९.१ झाली. टॉर्क ४१.३ वरून ४४ न्यूटन-मीटरवर गेला. म्हणजे क्षमता, शक्ती आणि टॉर्क या तिन्हींतील वाढ सात टक्क्यांच्या आसपास. चढणीवर हा फरक जाणवतो खरा, पण गाडीचा स्वभाव त्याने पालटत नाही.

याहून मोठी झेपही घेता येते. अमेरिकेतील एस अँड एस सायकल या कंपनीने रॉयल एनफिल्डच्या ६४८ सीसीच्या जुळ्या सिलिंडरच्या इंजिनासाठी ८६५ सीसीचे किट तयार केले. परंतु वाढ जितकी मोठी, तितके इंजिनाचे इतर भाग नव्याने जुळवावे लागतात.

लडाखच्या प्रवाशांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाच हजार मीटरहून अधिक उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. तिथे लहान-मोठे प्रत्येक इंजिन त्याच प्रमाणात दमते.

आणखी काय बदलावे लागते?

ज्वलनकक्ष तसाच ठेवून बोअर वाढवला की कॉम्प्रेशन वाढते. ८.५ ला १ असलेले प्रमाण ४९९ चे ५३५ सीसी करताना ९ च्या वर जाते. जीटीमध्ये कंपनीने ते ८.५ वरच राखले होते. कॉम्प्रेशन फार वाढले तर साध्या पेट्रोलवर इंजिन ‘नॉक’ करू लागते. मोठ्या सिलिंडरला इंधनही अधिक लागते. त्यामुळे कार्ब्युरेटरमधील जेट किंवा इंजेक्शन असलेल्या गाडीत इंधनाचे संगणकीय गणित बदलावे लागते. ते न बदलल्यास मिश्रण पातळ होऊन पिस्टन तापतो आणि प्रसंगी जाम होतो. क्लच, कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग यांच्यावरील ताण वाढतो, तो निराळाच.

हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांना आपल्या भागात खरी परीक्षा द्यावी लागते ती घाटात नव्हे, तर कोंडीत. घोडबंदर रस्ता, माजिवडा, शिळफाटा किंवा कल्याण-शीळ रस्त्यावर गाडी रखडली की सिलिंडरला वारा मिळत नाही. अधिक इंधन जाळणारे इंजिन अशा वेळी अधिक तापते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात असलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. इंजिनाची क्षमता हा त्यातीलच एक तपशील. गाडी ठाण्यात ‘एमएच ०४’ ने नोंदलेली असो वा कल्याणला ‘एमएच ०५’ ने, नियम एकच. या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये विनापरवाना बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

३५० सीसीची रेषा येथे विशेष महत्त्वाची आहे. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता या रेषेपलीकडे वेगळ्या, चढ्या गटात जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर १८ टक्के, तर त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. त्यामुळे लहान गाडी घेऊन नंतर तिचा बोअर वाढवण्याचा मोह होऊ शकतो. पण मग कागदावर एक इंजिन आणि रस्त्यावर दुसरे, अशी स्थिती होते. अपघातानंतर गाडीच्या नुकसानभरपाईचा दावा करताना विमा कंपनी नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवू शकते.

आधी हे करून पाहावे

इंजिनाचा जोर कमी झाला असेल, तर प्रथम कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. व्हॉल्व्हची जुळणी, एअर फिल्टर, क्लच प्लेट आणि चेन यांची निगा राखल्याने हरवलेली ताकद बऱ्याचदा परत मिळते. चढणीवरच अडचण असेल, तर पुढचे स्प्रॉकेट एका दाताने लहान करण्याचा स्वस्त पर्याय आहे. त्याने ओढ वाढते, मात्र महामार्गावर इंजिन अधिक फेरे घेते आणि इंधनाचा खर्च थोडा चढतो. मुरबाड-टोकावडे मार्गे माळशेजला सामानासह जाणाऱ्याला एवढे पुरेसे ठरू शकते. एवढ्यानेही समाधान न होणाऱ्याने मोठ्या क्षमतेची गाडी रीतसर घेणे उत्तम. तिचे इंजिन, ब्रेक आणि कागदपत्रे एकमेकांशी जुळलेली असतात.